चिठ्ठीताई आणि तीन नंबरचा पंप

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून एक लांबट खोली होती. तिथे खिडकीपाशी बसणाऱ्या बाईंना सगळे चिठ्ठीताई म्हणत. खरं नाव हजेरीपत्रकात होतं, पण ते हजेरीपत्रकालाच काय ते ठाऊक. शहराला पाणी पाठवणारे पंप ज्या प्रोग्रामवर चालत, तो सांभाळायचं त्यांचं काम. अकरा वर्षं त्या ते करत होत्या आणि अकरा वर्षांत त्यांचा आवाज शेजारच्या खोलीपर्यंत गेला नव्हता.

त्यांच्या पर्समध्ये चष्म्याचं एक जुनं घर असायचं. चष्मा त्यात कधीच नसे. तो एक तर कपाळावर, नाही तर हरवलेला. चष्म्याच्या त्या घरात असायच्या कोऱ्या चिठ्ठ्या, मागे चिकट पट्टी असलेल्या. प्रोग्राममध्ये एखाद्या गोष्टीला नाव द्यायचं असलं, की ताई ते आधी चिठ्ठीवर लिहीत. मग ज्याला कॉम्प्युटरातलं ओ की ठो कळत नाही असा माणूस गाठून त्याच्यापुढे चिठ्ठी धरत आणि विचारत, "असं लिहिलेलं असलं, तर तुम्ही काय कराल?"

उत्तर त्या ऐकत, पण बघत मात्र हाताकडे. तोंड हुशार असतं, समोरच्याला बरं वाटेल ते बोलतं. हाताला तेवढी अक्कल नसते. वाचल्यावर जिकडे जायचं तिकडे तो सरळ जातो.

ही खोड त्यांना वडिलांमुळे लागली होती. वडील एका मोठ्या शाळेत किल्ल्या सांभाळायला होते. भिंतीवर लांबलचक फळी, तिच्यावर खिळे, खिळ्यांना किल्ल्या आणि प्रत्येक किल्लीला पुठ्ठ्याचा बिल्ला. एका बिल्ल्यावर लिहिलं होतं 'नवी'. ती किल्ली गंजून तपकिरी पडली होती.

"बाबा, ही नवी कशी?"

"आणली तेव्हा नवी होती."

"आणि ही?" शेजारच्या बिल्ल्यावर होतं 'नवीन नवी'.

"ती त्याच्यानंतरची."

"मग अजून एक आणली तर?"

वडिलांनी जरा विचार केला. "आता नाही आणणार. माझी चारच वर्षं राहिलीत नोकरीची."

"पण ती उघडते काय?"

ते वडिलांना तोंडपाठ होतं, म्हणून बिल्ल्यावर लिहायची गरजच वाटली नव्हती. पुढे वडील आठ दिवस तापाने पडले, तर शाळेची प्रयोगशाळा आठ दिवस बंद राहिली. किल्ली सगळ्यांच्या डोळ्यांपुढे लोंबकळत होती, पण 'नवी' म्हणजे प्रयोगशाळा हे कोणाला स्वप्नात दिसणार? नोकरीला लागल्यावर ताईंना प्रोग्रामांतही वडिलांच्या हातचे बिल्ले जागोजागी भेटले. एका यादीचं नाव होतं 'शेवटची'. तिच्याखाली 'खरंच शेवटची'. आणि चौदा वर्षं रोज वापरात असलेल्या एका यादीचं नाव होतं 'तात्पुरती'. ताई ते वाचून हसत, आणि मग चिठ्ठ्या काढत.

तर त्या महिन्यात वरून एक पत्र आलं. पंपांच्या प्रोग्राममध्ये 'मालक' आणि 'गुलाम' असे शब्द आहेत, ते महिनाअखेरपर्यंत काढून त्या जागी योग्य ते शब्द घालावेत. हे शब्द यंत्रवाल्यांनी कोण जाणे कधीपासून चालवलेले. जो पंप वेग ठरवतो तो मालक, जो त्याचं ऐकतो तो गुलाम. शब्द वाईट, याबद्दल ऑफिसात कोणाचं दुमत नव्हतं. काढायचं काय ते ठरलेलंच होतं. घालायचं काय, ते मात्र पत्रात नव्हतं. 'योग्य ते शब्द' एवढंच. आता योग्य ते कोणते हे पत्र लिहिणाऱ्याला माहीत असतं, तर त्याने लिहून नसतं का टाकलं?

साहेबांनी दोघांना समोर बसवलं. एक ताई, दुसरा त्यांच्या शेजारच्या टेबलावरचा प्रोग्रामर. त्याला सगळे घाईबुवा म्हणत. तो जेवताना डब्याचं झाकण पूर्ण उघडायचीही वाट बघत नसे.

साहेब म्हणाले, "मी सुचवतो. अग्रगामी पंप आणि अनुगामी पंप."

घाईबुवा हळूच ताईंकडे झुकला. "पंप आहेत की नाटकातली पात्रं? आता अनुगामी पंपाचा प्रवेश."

"काय म्हणालास?"

"चांगले आहेत म्हणालो साहेब. लिहायला जरा लांब पडतील."

आणि चिठ्ठीताई, ज्या बैठकीत सहसा खिडकीबाहेर बघत बसत, त्या म्हणाल्या, "मालकाला मुख्य म्हणू या. आणि दुसऱ्याला राखीव."

शब्द छोटा होता, स्वच्छ होता, कोणाला टोचत नव्हता. साहेबांनी मान हलवली. घाईबुवा तर खुर्चीवरून उठलाच. पाच मिनिटांत परत येऊन म्हणाला, "झालं! गुलाम होते तिथे सगळीकडे राखीव. चारशे बारा ठिकाणी. एका झटक्यात." साहेबांनी लगोलग वर पत्र धाडलं, की काम पूर्ण झालं आहे, नवा प्रोग्राम येत्या गुरुवारी पंपघरात बसेल.

ताईंनाही बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच बैठकीत त्यांचा शब्द एका दमात मंजूर झाला होता. चिठ्ठी मात्र त्यांनी लिहिली नाही. चिठ्ठ्यांच्या मोठ्या परीक्षक म्हणजे त्यांच्या सासूबाई, आणि सासूबाई आठ दिवस लेकीकडे गेल्या होत्या. एवढ्याशा शब्दासाठी कशाला थांबायचं, असं ताई स्वतःशी म्हणाल्या.

रविवारी सासूबाई परत आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, मी नसताना नवीन काही चिकटवलं नाहीस? बरं नाही का तुला?"

ताईंनी चहा ठेवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, राखीव म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं?"

"वरच्या कपाटातल्या गाद्या. पाहुण्यांच्या."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? बसून आहेत. पाहुणा आला तर मी काढीन, तेव्हा त्या खाली येतील. आपण होऊन गादी उडी मारून खाली येते का? कशाला विचारतेस?"

ताईंनी सांगितलं. पंप, पत्र, मुख्य आणि राखीव, सगळं. सासूबाईंनी बशीत फुंकर घातली.

"मग तो तुझा पंप बसून असतो?"

"नाही, म्हणजे मुख्य पंपावर ताण आला की तो चालू होतो."

"कोणी चालू केला की?"

"नाही. आपला आपण. प्रोग्रामच चालू करतो."

"आणि दिसतो कसा? थांबलेला असताना?"

"ते मला माहीत नाही, आई. मी पाहिलेला नाही."

सासूबाईंनी बशी खाली ठेवली. "पाहिलेला नाहीस?"

"काम सगळं स्क्रीनवरच असतं."

"अकरा वर्षं? अगं, तुला द्यायच्या आधी माझ्या मुलालाही तुझ्या वडिलांनी दोनदा येऊन पाहिलं होतं! आणि तू न बघता नाव ठेवून मोकळी झालीस?"

ताईंना रात्रभर त्या उडी मारणाऱ्या गाद्या दिसत राहिल्या. भीती वाटत होती म्हणावं तर तसं नव्हतं. कुतूहल होतं. आपण अकरा वर्षं ज्याला सुरू करतो, बंद करतो, ज्याचा वेग कमी-जास्त करतो, तो असतो तरी केवढा? रंग कुठला असेल? आवाज कसा येत असेल?

सोमवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बसने पंपघर गाठलं.

पंपघर शहराच्या टोकाला, उंच छपराचं, एखाद्या गोदामासारखं. आत गेल्यावर आधी पायांना कळत होतं की काहीतरी चाललं आहे, कानांना मागून. फरशी बारीक थरथरत होती. एका ओळीत चार पंप, गडद निळे, ताईंच्या खांद्याएवढे. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने आकडा, आणि आकड्याखाली वहीएवढी स्क्रीन. तिच्यावर उमटणारी अक्षरं ताईंच्या प्रोग्राममधून येत होती. आपलं अक्षर दुसऱ्याच्या घराच्या भिंतीवर दिसावं तसं त्यांना वाटलं आणि उगाचच लाज वाटली.

तिथले फिटर साठीला टेकलेले, दोन महिन्यांनी निवृत्त होणारे. त्यांनी ताईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ऑफिसातून? तिसऱ्या मजल्यावरून? म्हणजे फोनवर 'मी बघते हं' म्हणणाऱ्या त्या तुम्हीच?"

"हो."

"या की मग. आज प्रत्यक्षच बघा."

एक नंबर आणि दोन नंबर चालू होते. एक नंबरच्या स्क्रीनवर 'मालक' होतं. दोनच्या स्क्रीनवर कोणीतरी 'गुलाम' या शब्दावर कागदाचा तुकडा चिकटवून टाकला होता.

"हे कोणी केलं?"

"झाडायला येतात त्या बाईंनी. म्हणाल्या, याच्यासमोर बसून मी डबा खायची नाही." फिटर हसले. "मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं. राहू द्या."

तीन नंबर थांबलेला होता. त्याच्या स्क्रीनवर 'गुलाम, थांबला' असं होतं. आणि चौथा पंप सगळ्यांपासून जरा दूर, त्याच्या अंगावर बारीक धूळ. चौथ्याच्या मागच्या भिंतीवर लाल रंगाने, वाकड्यातिकड्या पण ठसठशीत अक्षरांत एक शब्द लिहिला होता. ताईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला.

राखीव.

"फिटरदादा, हे..."

"ते मी लिहिलंय. पंधरा वर्षं झाली असतील. अक्षराला हसू नका."

"राखीव म्हणजे?"

"म्हणजे ज्याचा खटका खाली आहे तो." फिटरांनी वरच्या सज्जाकडे बोट दाखवलं. तिथे एका काचेच्या खोलीत विजेचे खटके होते. "एक, दोन, तीन आळीपाळीने चालतात. दर सोमवारी यांच्यातला कारभारी बदलतो, म्हणजे झीज सारखी होते. चार नंबर मात्र बसून. तिघांतला एखादा आजारी पडला, तर मी वर जाऊन याचा खटका हाताने वर करतो. तोवर याच्यात जीव नाही. हात घाला, डोकं घाला, झोपा पाहिजे तर."

ताईंनी पर्समधून चष्म्याचं घर काढलं. चिठ्ठीवर लिहिलं 'राखीव, थांबला'. आणि ती नेऊन तीन नंबरच्या स्क्रीनवर, होत्या त्या अक्षरांवर चिकटवली.

"दादा, गुरुवारपासून इथे असं दिसणार आहे. समजा याचं काही काम काढायचं आहे. तुम्ही काय कराल? तोंडाने सांगू नका, करून दाखवा."

"मी? मला काय, मला यांच्या कुंडल्या पाठ आहेत. तीन नंबर आज जोडीला आहे हे मी झोपेतही सांगेन." मग फिटरांनी चिठ्ठीकडे पुन्हा पाहिलं आणि त्यांचा चेहरा जरा बदलला. "पण थांबा. पुढच्या सोमवारी बाहेरची माणसं येणार आहेत. चारही पंपांची सील, गळती अडवणारी कडी, बदलायला. आठवडाभर. ती माणसं स्क्रीन वाचूनच काम करतात. आल्या आल्या मी त्यांना हेच शिकवणार, की राखीव असेल तो खुशाल खोला."

"मग तुम्ही तो बाहेरचा माणूस व्हा."

"होतो." त्यांनी कमरेचा पाना काढला, टोपी उलटी केली आणि नव्या माणसाच्या ऐटीत तीन नंबरपुढे उकिडवे बसले. पंप आणि मोटर यांच्यामध्ये जो फिरता दांडा असतो, त्याच्यावर लोखंडी जाळी होती, चार बोल्टांनी बसवलेली. फिटरांनी मोठ्याने वाचलं, "राखीव, थांबला. अरे वा. खटका खालीच असणार. वर कशाला जा." आणि पाना पहिल्या बोल्टाकडे नेला.

पाना बोल्टापासून वीतभर लांब होता, तेवढ्यात तीन नंबरने खोल श्वास घेतल्यासारखा आवाज केला आणि जाळीच्या आत दांडा फिरू लागला. आधी दिसला, मग इतक्या वेगात गेला की थांबल्यासारखाच दिसू लागला.

शहरात दुपारच्या स्वयंपाकाची, धुण्याची वेळ झाली होती. नळ सुटले होते. एक नंबरवर ताण आला, आणि ताईंनी अकरा वर्षांपूर्वी लिहिलेल्या ओळीप्रमाणे तीन नंबर आपला आपण चालू झाला होता.

फिटर मागे सरकून बसले. हसायला गेले, पण हसू पुरतं आलं नाही. "वेळेवर आला बेटा," म्हणाले.

ताई हसल्या नाहीत. त्या फिटरांच्या हाताकडे बघत होत्या. हात बोल्टाकडेच गेला होता. सरळ.

त्या जाळीपाशी जितका वेळ उभ्या राहिल्या, तितका वेळ त्यांच्या मनात एकच होतं: गुरुवारी प्रोग्राम बसेल, सोमवारी माणसं येतील, आणि तो शब्द आपला आहे. कोणाचा हात जाईल त्याचं नाव आपल्याला माहीतही नसेल.

थोड्या वेळाने नळांचा जोर ओसरला आणि तीन नंबर पुन्हा थांबला, तेव्हा त्यांनी चष्म्याच्या घरातल्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. "दादा, तुमचा अजून थोडा वेळ घेऊ?"

"घ्या. आता मलाही बघायचंय काय निघतं ते."

ताईंनी लिहिलं 'दुय्यम'. फिटरांनी वाचून नाक मुरडलं. "म्हणजे कमी महत्त्वाचा. हात लावणार नाही, पण काळजीही घेणार नाही. याचं काम उद्यावर ढकलीन."

'अनुगामी'. "हे बनवणाऱ्या कंपनीचं नाव का?"

'दुसरा'. "दुसरा तो तिकडे. दोन नंबर. हा तिसरा. आकडे नका घालू बाई, आकडे आम्ही रंगवून बसलोय."

'मदतनीस'. हे फिटरांनी दोनदा वाचलं. "जवळ आलात. पण मदतनीस हाक मारल्यावर येतो. मी हाक नाही मारली, तर येणार नाही असं मी धरून चालेन." हात पुन्हा पान्याकडे गेला होता.

ताईंनी तीही चिठ्ठी सोलून काढली. त्यांनी विचारलं, "मघाशी तुम्ही काय म्हणालात? तीन नंबर आज काय आहे?"

"जोडीला आहे."

"तुम्ही सगळे असंच म्हणता?"

"मग काय म्हणणार? एक कारभारी, बाकीचे जोडीला. मालक आणि गुलाम आम्ही कधी म्हणालोच नाही. ते तुमच्या स्क्रीनवरच होतं."

ताईंनी चिठ्ठीवर लिहिलं 'जोडीचा, थांबला'. चिकटवली. मग झाडणाऱ्या बाई कोपऱ्यात उभ्या राहून हा तमाशा बघत होत्या, त्यांना बोलावलं. "तुम्ही या. पाना हातात घ्या. वाचा आणि काय कराल ते करा."

बाईंनी पाना दोन्ही हातांनी धरला. वाचलं. मान वळवून आधी एक नंबरकडे पाहिलं, मग तीन नंबरकडे, मग पाना फरशीवर ठेवून दिला आणि हात पदराला पुसले. "तो चालू आहे ना? मग त्याच्या जोडीचा कधी उठेल काय भरवसा? आधी वर सांगा, दोघांचं बंद करा म्हणावं."

फिटर टाळी वाजवणार होते, पण ताईंनी त्यांना खुणेने थांबवलं आणि चिठ्ठी जपून पुन्हा चष्म्याच्या घरात ठेवली.

ऑफिसात परत येईपर्यंत तीन वाजले. साहेबांच्या दारासमोर ताई दोनदा जाऊन परत आल्या. तिसऱ्यांदा आत शिरल्या.

"साहेब, राखीव शब्द चुकला. माझी चूक आहे. गुरुवारी बसवता येणार नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बाई, मी वर कळवलंय. काम पूर्ण झालं म्हणून."

"पूर्ण झालंच आहे. चुकीचं पूर्ण झालंय."

"अहो, शब्द तुमचा. तुम्हीच सुचवलात. आता तुम्हीच मोडता घालता? शब्दाने काय पंप बिघडतो?"

"पंप नाही बिघडत," ताई म्हणाल्या. सांगायचं होतं ते डोळ्यांपुढे फिरत होतं, दांड्यासारखं, इतक्या वेगात की थांबल्यासारखं. म्हणून त्यांनी साहेबांचा फोन उचलला, पंपघराचा नंबर फिरवला आणि फोन साहेबांच्या हातात दिला.

साहेबांनी गुरुवारचं विचारलं. पलीकडून फिटर काय बोलले ते ताईंना ऐकू येत होतं, कारण फिटर पंपांच्या आवाजावर बोलायला सरावलेले. "गुरुवारी बसवा की साहेब! आमची काही हरकत नाही. फक्त सोमवारी तुम्ही स्वतः या, पाना देतो, तीन नंबरच्या जाळीचे बोल्ट तुम्ही काढा. आम्ही सगळे उभे राहून बघतो."

साहेबांनी फोन ठेवला. खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "बुधवार संध्याकाळपर्यंत होईल?"

"बघते मी."

घाईबुवाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "एवढंच ना? राखीव काढून जोडीचा घालतो. एका झटक्यात."

"झटका नको." ताईंनी त्याचा हात कीबोर्डवरून अक्षरशः उचलून बाजूला ठेवला. "परवाची प्रत काढ, बदलायच्या आधीची. चारशे बाराही ठिकाणं एकेक करून वाचायची. तू वाचायचं, मी सांगायचं."

"ताई, जन्म जाईल."

"तुझा नाही जात. तू डबा किती वेळात संपवतोस माहीत आहे मला."

दोन दिवस ते दोघं शेजारी खुर्च्या ओढून बसले. आणि वाचू लागल्यावर कळलं की बरं झालं वाचलं. एकशे तीस ठिकाणी 'गुलाम' होता तो पंप नव्हताच. रोजच्या नोंदींची एक नक्कल दुसऱ्या मशीनवर ठेवली जाई, तिलाही कोणीतरी तेच नाव देऊन ठेवलं होतं. नोंदी काय चालू होऊन कोणाचा हात ओढणार होत्या? तिथे ताईंनी 'प्रत' घातलं. घाईबुवा म्हणाला, "मी तर नोंदीही पंपाच्या जोडीला लावल्या असत्या," आणि आपण होऊन ती ओळ पुन्हा एकदा वाचली. त्याच्यासाठी ते पुष्कळच.

एका ओळीवर मात्र दोघंही अडले. 'जुना गुलाम'. प्रोग्राम दर तासाला या जुन्या गुलामाला विचारत होता, चालू आहेस का? उत्तर येत नव्हतं. ओळीच्या वर कोणीतरी लिहून ठेवलं होतं, 'याला हात लावू नये'. कोणी लिहिलं, कधी, काही पत्ता नाही. काढून टाकणं सोपं होतं. पण ताईंना राहवेना. त्यांनी फिटरांना फोन लावला.

"जुना? अहो, तो पाचवा पंप! आता सायकली लावतात ना, तिथे होता. उचलून नेला त्याला अठरा वर्षं झाली. का हो?"

"काही नाही. आम्ही अजून त्याची चौकशी करतोय."

फिटर इतके हसले की घाईबुवालाही दोन हात लांबून ऐकू आलं. ती ओळ ताईंनी काढली. ज्याचं नाव ठेवायचं, तो आहे का हे आधी पाहायला हवं, असं त्या पुटपुटल्या. घाईबुवाने मान डोलावली आणि पुढची ओळ वाचली, नेहमीपेक्षा हळू.

'मुख्य' तेवढा राहिला. तोही ताईंनी फोनवरून फिटरांना विचारून घेतला. फिटर म्हणाले, कारभारी आमच्या तोंडात बसलाय, पण बाहेरच्यांना मुख्य बरा. चालेल. भिंतीवरचा राखीव चार नंबरकडेच राहिला, जिथे तो पंधरा वर्षं होता.

बुधवारी पाचच्या सुमारास काम झालं. गुरुवारी प्रोग्राम बसला. आणि पुढच्या सोमवारी ताईंनी पुन्हा अर्ध्या दिवसाची रजा टाकली. साहेबांनी सही करताना विचारलं, "आता कशाला?"

"हात बघायला."

बाहेरून आलेली चार माणसं होती. त्यांना ताई कोण ते माहीत नव्हतं आणि फिटरांनी सांगितलं नाही. त्यांच्यातला एक धिप्पाड, कानावर पेन्सिल लावलेला माणूस दोन नंबरपुढे गेला. त्या दिवशी दोन नंबर थांबलेला होता. ताई झाडणाऱ्या बाईंच्या शेजारी स्टुलावर बसून बघत होत्या. फिटर मुद्दाम पाठ करून उभे होते, पण मान तिरकी होती.

माणसाने स्क्रीन वाचली. ओठ हलले. हात कमरेकडे गेला. कमरेला पाना होता आणि पान्याच्या शेजारी फोनही होता.

हात फोनवर थांबला.

"वर कोण आहे? हां. दोन नंबर जोडीचा आहे. त्याचा खटका खाली घ्या आणि तुमचं कुलूप लावा. हां, थांबलेलाच आहे, पण कधी उठेल सांगता येत नाही."

झाडणाऱ्या बाईंनी ताईंच्या गुडघ्यावर थाप मारली. फिटर वळले आणि आता मात्र पोटभर हसले. ताईंना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी चष्मा पुसला.

निघताना फिटर दारापर्यंत सोडायला आले. "दोन महिन्यांनी मीही घरी बसणार. मग माझ्यावर कुठली चिठ्ठी लावाल? राखीव?"

ताईंनी चष्म्याचं घर उघडलं, पुन्हा बंद केलं.

"आत्ता नाही सांगत. तुम्ही घरी काय करता ते आधी येऊन बघते."